फसफसपुडी: जिभेवर सोडा उकळायचा ती, आठवतेय का कुणाला?

जुळेसोलापूरकर
मंडळी, परवा दुपारी ४३ डिग्रीत लाईट गेलेली, काही सुचेना म्हणून माळा आवरायला काढला (बायकोने काढायला लावला असं वाचा). त्यात माझी पाचवीतली कंपासपेटी सापडली, गंजलेली, आणि कर्कटकाच्या खाली दुमडून ठेवलेला एक पिवळट कागद. उघडला तर आत काहीच नाही, नुसता गुलाबी, कडक झालेला डाग. पण हातात घेतल्याबरोबर एकदम आठवली ती, फसफसपुडी.

तुमच्याकडं काय म्हणायचे माहीत नाही. आमच्या शाळेच्या फाटकाबाहेर पोतं अंथरून एक मावशी बसायच्या, पुढ्यात बोरकूट, चिंचेच्या गोळ्या, विलायती चिंचा, तिखटमीठ लावलेली कैरी, आणि कडेला एका बरणीत या पुड्या, चार आण्याला एक. तळहातावर ओतायची, बोट ओलं करून बुडवायचं, जिभेवर ठेवायचं की चर्रर्र. आधी गोड, मग आंबट, मग जीभ आतून कुणी खाजवतंय असं, आणि गार. एवढ्या उन्हात नुसती कोरडी पूड गार कशी लागायची हे मला आजतागायत कळलेलं नाही. आगाऊ पोरं अख्खी पुडी तोंडात रिकामी करून तोंड गच्च मिटायची आणि नाकातनं फेस काढायच्या पैजा लावायची. एकाला जमलं होतं, तो पुढं वकील झाला.

आणि त्या पुडीला एक वास होता. आंबट नव्हे, वेगळाच, सांगता येत नाही. खाऊन तोंड खळाखळा धुवून घरी गेलं तरी आई दारातच कान धरायची, "आज परत खाल्लीस ना ती घाण?" तिला कसं कळायचं देव जाणे.

तर विचारायचं असं की कुणाला आठवतेय का, आत नेमकं काय असायचं, आणि घरी करता येईल का. भाची येतीये सुट्टीला, वय वर्षे नऊ, तिला दाखवायचीय.

गप्पीदास
पहिला मी. बोरकूट हा शब्द वाचूनच दात आंबले.

अशोकचौक
आठवतीय की बे, न आठवायला काय झालं. आमच्या पूर्व भागात पुल्ल पोडी म्हणायचे, तेलुगूत पुल्ल म्हणजे आंबट आन पोडी म्हणजे पूड. आई घरी बिड्या वळायची, पानं कातरून झाली की खाली कातरण पडायची ती घेऊन आम्ही चौघं भावंडं गोल बसायचो, प्रत्येकानं आपल्या पानाच्या तुकड्यावर चिमूट चिमूट पुडी घ्यायची आन चाटायची, पान जरा तुरट असतंय त्यामुळं ते आंबट अजूनच डोक्यात जायचं. चार आण्याची एक पुडी चौघात, हिशोब असा कडक की थोरली बहीण काडेपेटीच्या काडीनं ढिगारे करायची. तीच आज बँकेत हाय, कॅशला.

कडकभाकरी
माझं माहेर अक्कलकोट. आमच्या गल्लीत निम्मं कानडी निम्मं मराठी, तिथे ती हुळी पुडी. आता कानडीत पुडी म्हणजेच पूड, त्यामुळे दुकानात जाऊन आम्ही "एक पुडीची पुडी द्या" म्हणायचो आणि दुकानदार दर वेळी हसायचा, दर वेळी.

जेनझी_बार्शी
म्हणजे पल्ससारखं काही का?

गप्पीदास
@जेनझी, बाळा, पल्स २०१५ ला आली. वर कैरीची गोळी आणि आत मीठमसाला. ती चमकवते, पण फसफसत नाही. आम्ही बोलतोय ते प्रकरण जिवंत होतं.

निवृत्तबाई
३१ वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे या धाग्यावर न लिहून कसं चालेल. आणि हो, वर्गात पुडी खाणारी पोरं मीही पकडलेली आहेत, फळ्याकडे तोंड असलं तरी तो आवाज कळतो.

पुडीत मुख्य तीनच गोष्टी. पिठीसाखर, लिंबूसत्व म्हणजे सायट्रिक अॅसिड, आणि खाण्याचा सोडा. कोरडं असेपर्यंत अॅसिड आणि सोडा एका कागदात शेजारी शेजारी गप्प राहतात, भांडायला त्यांना पाणी लागतं. ते पाणी तुमची लाळ पुरवते. एकदा विरघळले की अॅसिड सोड्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर काढतं, तोच फेस. आता जुळेसोलापूरकरांचा गारव्याचा प्रश्न: ही अभिक्रिया उष्णता सोडत नाही, ओढून घेते. ग्लासात अर्धा कप पाणी घेऊन त्यात सायट्रिक आणि सोडा टाका आणि ग्लासाला हात लावून बघा, थंड लागेल. थर्मामीटर असेल तर पारा उतरताना दिसतो, मी दर वर्षी आठवीच्या वर्गाला दाखवायचे. तोंडात तेच, जिभेची ऊब ओढली जाते.

वायू किती? १ ग्रॅम सोड्यातून पाव लिटरपेक्षा जास्त. पुडीत सोडा चिमूटभरच असायचा म्हणून बरं, नाहीतर तुमच्या त्या वकिलाचं काही खरं नव्हतं.

प्रमाणाबद्दल सांगते, कारण कुणीतरी घरी करणारच आहे. वजनाने १६ भाग सायट्रिकला २१ भाग सोडा घेतला तर दोघं एकमेकांना पुरते संपवतात, मागे आंबटपणा काहीच उरत नाही, उरतं ते सोडियम सायट्रेट, खारट आणि मचूळ. म्हणून खाऊ करताना सोडा कमी आणि सायट्रिक जास्त घ्यायचं. फेस येऊन गेल्यावरही आंबट उरलं पाहिजे, खरी गंमत ती आहे.

जुळेसोलापूरकर
बाई, दंडवत. तुम्ही आम्हाला असायला हव्या होतात.

निवृत्तबाई
असते तर तुम्ही नापास झाला असतात, कंपासपेटीत खाऊ ठेवता म्हणून.

लेस्टरचा_सोलापूरकर
मी मूळचा बाळीवेसचा, गेली बावीस वर्षं इंग्लंडात. हा धागा वाचून राहवेना कारण इथे ही पुडी अजून मिळते आणि तिचं नाव काय, तर शर्बेट! आपलं शरबत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दुकानात ग्लास मागितला होता मी, काउंटरवरच्या बाईने हातात पावडर दिली.

मग जरा वाचत गेलो. शरबत मूळ अरबी, पिणे या अर्थाच्या धातूवरून, फारसी-तुर्कीतून इकडे आपल्याकडे आलं आणि तिकडे युरोपात गेलं. पण पावडर कशी झाली? १७ व्या शतकात शार्दँ म्हणून एक फ्रेंच प्रवासी तुर्कस्तान-इराण फिरला, त्याने लिहून ठेवलंय की तुर्कस्तानात शरबत साखरेसारखं पूड करून ठेवतात, अलेक्झांड्रियाचं सगळ्यात नावाजलेलं, आणि लागेल तेव्हा चमचाभर पाण्यात घालून पितात. म्हणजे आपलं झटपट सरबताचं पाकीट तेव्हापासूनचं आहे. त्यात फेस मात्र नव्हता.

फेसाचा मामला वेगळा. १७६७ मध्ये प्रीस्टली नावाच्या पाद्र्याने लीड्समध्ये दारूच्या भट्टीच्या पिंपावर पाण्याचं भांडं लटकवून पाण्यात वायू भरला, तिथून सोडावॉटरचं खूळ. मग लोकांना वाटायला लागलं की बाटली न बाळगता सोडा खिशात का नेऊ नये. १८१५ मध्ये लंडनच्या एका औषधवाल्याने सेडलिट्झ पावडरीचं पेटंट घेतलं, दोन पुड्या, निळ्या कागदात सोडा आणि आणखी एक क्षार, पांढऱ्या कागदात टार्टारिक अॅसिड. वेगवेगळ्या विरघळवायच्या, एकत्र ओतायच्या, फसफसताना घटाघटा प्यायच्या. कशावर औषध? पोट साफ व्हायला.

गप्पीदास
म्हणजे आमच्या फसफसपुडीची खापरपणजी जुलाबाची पुडी निघाली. हसून हसून पुरेवाट.

लेस्टरचा_सोलापूरकर
अगदी तेच. औषधातून खाऊ झाला. १८५० च्या आसपास लंडनच्या रस्त्यावर हातगाडीवाले फसफसणारं शर्बेट ग्लासाने विकायचे, गोरगरिबांचं उन्हाळ्याचं पेय. पुढे पोरांना कळलं की पाण्यात घालायची गरजच नाही. बोट घाला आणि चाटा. तो क्षण कुणी लिहून ठेवलेला नाही पण माझी खात्री आहे की तो शोध एखाद्या पोराचाच.

१९२५ साली बॅरट कंपनीने शर्बेट फाउंटन काढलं. कागदाची नळी, तोफेच्या फटाक्यासारखी, आत पावडर आणि वरून बाहेर डोकावणारी काळी कांडी. ती कांडी लिकरिशची, म्हणजे आपलं ज्येष्ठमध! आजी खोकला झाला की चघळायला द्यायची तेच, फक्त काळं, चिवट केलेलं. आधी ती कांडी पोकळ असायची आणि तिच्यातून पावडर ओढायची, नंतर भरीव झाली, मग चाटून बुडवायची. २००९ मध्ये कागदाच्या जागी प्लॅस्टिकची नळी आली तेव्हा म्हाताऱ्या-कोताऱ्यांनी इथे जो गळा काढला, विचारू नका. माझ्या शेजारचे आजोबा तर म्हणाले की कागद ओला होऊन पावडरीचा गोळा व्हायचा त्यातच खरी मजा होती. सिद्धेश्वराची शपथ, हेच वाक्य सोलापूरचा कुठलाही काका बोलू शकतो.

कडकभाकरी
१९२५ वरून आठवलं. मुलगा श्टुटगार्टला असतो, मागच्या दिवाळीत त्याने चौकोनी पाकिटं आणली, वर झेंडेवाला खलाशी. आहोय ब्राउजे. तीपण १९२५ चीच, आणि श्टुटगार्टचीच. मूळ पाण्यात घालून प्यायची पण तिथली पोरंही तळहातावर घेऊन चाटतात म्हणे. त्यातली हिरवी मात्र मला नाही आवडली, कसल्यातरी रानातल्या पाल्याचा स्वाद, कापलेल्या गवतासारखा. नातवाने सगळी संपवली.

कांदाबाजार
वाचतोय कालपासून. मी सोलापूर मार्केट यार्डात आडत्या, कांद्यात जन्म गेला. तुम्ही लोक सायट्रिक सायट्रिक करताय, ते लिंबातून काढतात असं वाटतंय का अजून कुणाला?

पूर्वी काढायचेच. १७८४ ला शील नावाच्या स्वीडनच्या माणसाने लिंबाच्या रसातून वेगळं केलं, नंतर सगळा धंदा इटलीच्या लिंबांवर. पहिल्या महायुद्धात माल येईना. १९१७ ला अमेरिकेत करी नावाच्या संशोधकाने दाखवलं की एक काळी बुरशी साखर खाऊन सायट्रिक अॅसिड सोडते, दोन वर्षांत कारखाना सुरू. ती बुरशी कुठली माहितीये? अॅस्परजिलस नायजर. तुम्ही साठवणीचा कांदा सोलता आणि वरच्या पापुद्र्याखाली काजळीसारखे काळे ठिपके हाताला लागतात ना, तीच. आम्ही जिच्यामुळं माल नाकारतो, तिच्याच जिवावर जगभरची सरबतं चाललीत. पोरगा बी.एस्सी. मायक्रोला आहे, त्यानं सांगितलं तेव्हा मी दोन दिवस कांद्याच्या चाळीकडं वेगळ्या नजरेनं बघत होतो.

माझा अंदाज असा, अंदाजच हं, की इंग्लंडात आणि जर्मनीत दोन्हीकडं १९२५ लाच हा खाऊ निघाला त्यामागं स्वस्त झालेलं सायट्रिकच असणार.

निवृत्तबाई
कांदाबाजार, अंदाज चांगला आहे पण जपून. जुन्या पुड्यांत टार्टारिक अॅसिडही असायचं, ते द्राक्षाच्या दारूच्या गाळातून येतं, त्याचा बुरशीशी संबंध नाही.

कांदाबाजार
मान्य बाई. पण माझी बुरशी काढून घेऊ नका.

जेनझी_बार्शी
आणि ती तोंडात तडतड फुटते ती पुडी? तीपण सोड्याचीच का

लेस्टरचा_सोलापूरकर
नाही, ती एकदम वेगळी. तिच्यात सोडा-अॅसिडचं भांडण नसतं. उकळत्या साखरेच्या पाकात प्रचंड दाबाखाली, आपल्या हवेच्या दाबाच्या चाळीसपट वगैरे, कार्बन डायऑक्साइड कोंडतात आणि पाक तसाच गोठवतात. खडा विरघळला की कोंडलेले बुडबुडे फुटतात. अमेरिकेत मिचेल नावाच्या माणसाने १९५६ मध्ये झटपट सोड्याची पावडर करायच्या नादात हे केलं, पेटंट १९६१, आणि दुकानात यायला सत्तरचं दशक उजाडलं. मग अफवा उठली की एका पोराने ते खडे खाऊन वर कोला प्यायला आणि पोट फुटून मेला. ज्याचं नाव घेत होते तो जाहिरातीतला पोरगा ठणठणीत होता. कंपनीला वर्तमानपत्रात मोठमोठ्या जाहिराती देऊन सांगावं लागलं की असं काही होत नाही.

अशोकचौक
अफवा सगळीकडं सारख्याच की बे. आमच्याकडं पुडी खाऊन वर गोटी सोडा पिला तर पोटात फुगा होतो म्हणायचे. मी पिलोय. ढेकर आली फक्त. पण काय ढेकर!

गप्पीदास
अवांतर: गोटी सोड्याची ती बाटली, काचेची गोटी आत, हे कॉड नावाच्या इंग्रजाचं डोकं, १८७२ चं पेटंट. सोड्याचाच दाब गोटीला वर दाबून धरतो म्हणून बूच लागत नाही. जपानमध्ये त्या बाटलीतल्या पेयाला रामुने म्हणतात, लेमोनेडचा अपभ्रंश, आणि त्याच नावाच्या फसफसणाऱ्या पांढऱ्या गोळ्या पण मिळतात तिकडे. पेयाचा खाऊ सगळ्यांनीच केलाय असं दिसतं.

अतिअवांतर: गोळ्यांचा विषय निघालाच आहे तर रावळगावच्या गोळ्या ज्यांच्या, ते वालचंद हिराचंद जन्माने सोलापूरचे, १८८२ चे. जहाज, विमान, मोटार सगळ्याचे कारखाने काढले माणसाने, पण माझ्यासाठी ते कायम गोळीवाले.

डॉक्टर_विनाफी
बुडबुडे जिभेला टोचतात म्हणून झिणझिण्या येतात असं बरेच जण गृहीत धरतात, तसं नाहीये. जिभेवर कार्बोनिक अॅनहायड्रेज नावाचं विकर असतं, ते वायूचं आम्लात रूपांतर करतं आणि त्या आम्लाची जाणीव आंबट चवीच्या पेशींना होते, शिवाय जळजळ-दुखणं कळवणाऱ्या नसा वेगळ्या चाळवतात. उंदरांवर हे नीट दाखवलं गेलं २००९ साली. पुडी खाताना तुम्ही थोडं आंबट आणि थोडं दुखणं एकत्र चाखत असता आणि त्यालाच मजा म्हणत असता, मिरचीसारखंच.

हे मला माझ्याच जिभेवर कळलं. लेहला गेलो होतो, उंचीचा त्रास होऊ नये म्हणून अॅसिटाझोलामाइड घेतलं होतं. ते औषध नेमकं हेच विकर अडवतं. संध्याकाळी थंडगार सोडा मागवला, बुडबुडे दिसतायत, आवाज येतोय, आणि चव नळाच्या पाण्याची. मी वेटरशी भांडलो, त्याने दुसरी बाटली माझ्यासमोर फोडली, तीपण तशीच. गिर्यारोहकांमध्ये हे जुनं माहितीचं आहे, मला डॉक्टर असून हॉटेलात तमाशा झाल्यावर आठवलं.

दंतमंजन
व्यवसायाने नाव सार्थ आहे माझं. मजा घालवायची नाही पण अॅसिड आणि साखर एकत्र म्हणजे आमच्या दवाखान्याची सोय. साधारण ५.५ च्या खाली पीएच गेला की दातावरचं इनॅमल विरघळायला लागतं. खा, पण चघळत बसू नका, खाऊन झाल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा आणि लगेच ब्रश अजिबात करू नका, मऊ पडलेलं इनॅमल घासून निघतं. अर्धा तास तरी थांबा.

जुळेसोलापूरकर
अहवाल क्रमांक एक. काल भाची आली आणि उत्साहाच्या भरात बाईंची पोस्ट अर्धवट वाचून मी कामाला लागलो. घरात खाण्याचा सोडा संपलेला, बेकिंग पावडर होती, म्हटलं काय फरक पडतो. लिंबूसत्व किराणा दुकानातनं आणलं, ते आपलं बारीक खडीसाखरेसारखं असतं, तसंच टाकलं. भाचीने चाटलं आणि म्हणाली, "मामा, हा खडू आहे." मग एक आंबट खडा दाताखाली आला आणि तिचं तोंड जे झालं ते तिने आईला व्हिडिओ कॉल करून दाखवलं.

निवृत्तबाई
बेकिंग पावडरमध्ये सोड्याबरोबर तिचं स्वतःचं आम्ल आणि स्टार्च असतं. म्हणून खडू. आणि लिंबूसत्व पिठीसाखरेइतकं बारीक झालं पाहिजे, नाहीतर एका घासाला नुसतं आंबट, एका घासाला नुसता सोडा. कोरडी पिठीसाखर १० चमचे, दळलेलं लिंबूसत्व २, सोडा १. सपाट चमचे. भांडं, चमचा, हात सगळं खडखडीत कोरडं. दळताना मिक्सरचं झाकण लगेच उघडू नका.

कडकभाकरी
नाहीतर सरळ इनो आणा आणि साखर घाला. पाठीमागे वाचा, घटक कसे संस्कृतात लिहिलेत, स्वर्जिक्षार आणि निंबुकाम्लम्. म्हणजे सोडा आणि लिंबूसत्वच की. आम्ही लहानपणी ढोकळ्यासाठी आणलेलं इनो चोरून खायचो आणि मग ढोकळा बसायचा, आजीला वाटायचं डाळ जुनी आहे.

जुळेसोलापूरकर
अहवाल क्रमांक दोन. मिक्सरचं झाकण लगेच उघडलं. त्याबद्दल जास्त बोलत नाही, मी आणि भाची दहा मिनिटं शिंकत होतो आणि डोळ्यातून पाणी.

पण पूड झाली, जमली! चर्रर्र आवाज, गारवा, सगळं. भाची उड्या मारायला लागली. ताटात पसरून हॉलमध्ये ठेवली, म्हटलं सकाळी पुड्या बांधू. सकाळी बघतो तर ताटात पापड. जाड, भोकाभोकांचा, फुगून वर आलेला. चाटून बघितलं तर गोडसर मचूळ. कुणीतरी सांगा, सोलापूरच्या मे महिन्यात, जिथं वाळत घातलेला शर्ट पंधरा मिनिटांत कडक होतो, तिथं ही पूड ओली झाली कशी?

अशोकचौक
कूलर लावलता का बे हॉलमदी?

जुळेसोलापूरकर
...

अशोकचौक
ताट कूलरच्या पुढं ठिवलंस.

जुळेसोलापूरकर
वाऱ्याने उडू नये म्हणून तिरकं ठेवलं होतं.

गप्पीदास
हा धागा वर्षाचा सर्वोत्तम धागा म्हणून मी आत्ताच नाव सुचवतोय.

निवृत्तबाई
रात्रभर ओल्या वाळ्यावरचा वारा खाऊ घातलात त्याला. हीच भानगड पावसाळ्यात मावश्यांच्या बरणीत व्हायची, म्हणून त्या पुड्या उन्हाळ्यातच जास्त दिसायच्या. बांधायला बटर पेपर घ्या, मग स्टीलच्या घट्ट डब्यात, तळाशी थोडे तांदूळ.

लेस्टरचा_सोलापूरकर
त्या पापडावरून आठवलं, बेल्जियममध्ये अँटवर्पला १९५० च्या दशकात चर्चमधल्या प्रसादाच्या पातळ चकत्या करणाऱ्यांनी दोन चकत्यांच्या मध्ये शर्बेट भरून उडत्या तबकड्या काढल्या. जिभेवर आधी पापड विरघळतो, मग आतली पूड सुटते. इथे अजून ढिगाने खपतात. तुमच्या भाचीला पाठवतो एक पाकीट.

कांदाबाजार
तिला सांगा पाकिटातला आंबटपणा माझ्याकडून.

जुळेसोलापूरकर
अहवाल क्रमांक तीन, आणि मंडळी, हा नीट वाचा.

तिसऱ्यांदा केली, कूलर बंद, घामाच्या धारा, बाईंचं प्रमाण. रंगाला बिटाचा रस घालणार होतो पण ओला म्हणून बायकोने हाणून पाडलं, पांढरीच ठेवली. भाचीने बावीस पुड्या बांधल्या, मागच्या वर्षीच्या भिंतीवरच्या पंचांगाचे कागद कापून, आत बटर पेपर. एकीवर संकष्टी आलीये, एकीवर वटपौर्णिमा. सोसायटीतली पोरं गोळा झाली, जिन्यात बसून चाटली, आता माझं नाव पुडीमामा पडलंय.

पण मी चाटली आणि काहीतरी कमी होतं. सगळं बरोबर होतं, फेस, आंबट, गारवा, आणि तरी ती ती नव्हती. दोन-तीनदा खाऊन बघितली. बायको म्हणाली वयाचा परिणाम आहे, जीभ म्हातारी झाली.

आई आतल्या खोलीत झोपली होती, ८१ वर्षांची आहे, गेलं वर्षभर जेवणात काही चव नाही म्हणते. भाची तिच्याकडे पुडी घेऊन गेली. मी दारात उभा, म्हटलं आता ओरडा बसणार. आईने चष्मा लावला, कागद उलगडला, आधी नाकाला लावला. मग बोटाने चिमूट घेतली, जिभेवर ठेवली, डोळे मिटले. आणि म्हणाली, "यात पादेलोण घातलं नाहीस."

मी म्हटलं, कशात?

"त्या बाईच्या पुडीत असायचं की. त्याचाच तर वास यायचा तुझ्या बोटाला."

निवृत्तबाई
अहो! बरोबर. पादेलोणात गंधकाचे क्षार असतात, अॅसिड आणि ओल मिळाली की त्यातून तो कुजक्या अंड्यासारखा वायू सुटतो, अगदी सूक्ष्म. तोंड धुतलंत तरी नखात पूड राहत असणार. तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

अशोकचौक
आमच्या पानावरच्या चवीत पण तेच हुतं! मला इतकी वर्षं वाटायचं तेंदूचा वास हाय.

कडकभाकरी
पण तुमच्या आईंना इतकी नेमकी चव कशी माहीत हो? वास ठीक आहे.

जुळेसोलापूरकर
@कडकभाकरी, तेच मी विचारलं. आई म्हणाली तुझ्या चड्डीच्या खिशातल्या धुवायच्या आधी काढून ठेवायचे मी, फेकून कशाला द्यायच्या.

पादेलोण आणलंय. पाव चमचा घालतोय दहा चमचे साखरेला, बाई, जास्त होईल का? आईला विचारलं तर म्हणाली आधी कर, मी सांगते. कूलर बंद केलाय.

निवृत्तबाई
आईंनाच ठरवू द्या.